आत येऊ का, काकू?

अगं तेजू, झोपली असशील तर उठ, जेवत असशील तर ताट बाजूला सार, पण फोन ठेवू नकोस! आत्ता, म्हणजे अगदी आत्ता दुपारी, इथे काय झालंय माहितीये? तुला कसं माहिती असणार म्हणा. मीच सांगते. कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं जागेवर यायचं नाही.

मी प्रज्ञाच्या घरी आहे, कुळगावात. गॅलरीत उभी आहे. समोर दोरीवर प्रज्ञाच्या आईच्या, आपल्या काकूंच्या, गाऊनशेजारी व्हॅम्पायरची केप वाळत घातलीये. खाली जांभळं पाणी टपकतंय. आणि आत सगळे एकदम बोलतायत, मराठी, हिंदी, सिंधी, फुल मिक्स. आवाज येतोय ना तुला?

नाही, थांब. असं शेवटाकडून सांगितलं तर सगळी मजा जाईल. पहिल्यापासून ऐक.

हे पिक्चर बनवण्याचं असंच असतं बघ. पिक्चर होणार जेमतेम पंधरा मिनिटांचा, आणि त्याच्या आजूबाजूला किस्से इतके साठतात की त्यांना वेगळी हार्ड डिस्क लागेल. दर रविवारी मला वाटतं, बास, आता याच्यावर काही होऊच शकत नाही. पुढच्या रविवारी होतं!

पिक्चर कसला ते सांगते. कॉमेडी-हॉरर. बदलापूरच्या नव्या टॉवरमध्ये एक व्हॅम्पायर राहायला येतो. आता व्हॅम्पायरचा नियम काय, की घरातल्या माणसाने ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. मग हा काय करतो? पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरतो! सकाळी सकाळी बेल वाजवायची, “आत येऊ का, काकू? ब्लड सॅम्पल!” लोक स्वतःहून दार उघडतात, स्वतःहून बाही वर करतात. पिक्चरचं नाव ‘उपाशीपोटी’.

आयडिया आपल्या बंटीवरून सुचली. तो खरोखर हेच काम करतो, घरोघरी जाऊन रक्त काढायचं. त्यामुळे व्हॅम्पायर पण तोच. प्रज्ञा डायरेक्टर, कॅमेरा पण तिच्याच हातात. मी साऊंड. म्हणजे पोछ्याच्या काठीला माइक बांधलाय आणि कानाला हेडफोन. प्रज्ञाचे बाबा, आपले काका, आनंदनगरच्या कंपनीत आहेत, ते सुट्टीच्या दिवशी थर्माकोलची पांढरी शीट धरतात, उजेड तोंडावर पाडायला. झाली टीम!

*

पहिला किस्सा केपचा.

तुला सिद्धूदादाचं अर्धवट माहितीये ना? प्रज्ञाचा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याने उल्हासनगरच्या कशिशशी कोर्टात जाऊन लग्न केलं. घरी सांगणार होता, त्याच संध्याकाळी सांगणार होता, पण त्याच्या एका मित्राने त्याआधीच फोटो स्टेटसला टाकला. काकूंना ते कळलं शेजारच्या वहिनींच्या मोबाईलवर. वहिनी म्हणाल्या, “अगंबाई, सूनबाई गोड आहे हो!” काकू म्हणाल्या, “कोणाची?”

त्या रात्री त्यांनी दादाला फोनवर एकच वाक्य सांगितलं. “या घरात तुला जागा नाही.” सिंधी मुलगी केली म्हणून नाही गं. काकू म्हणतात, “माझ्या पोराचं लग्न मला शेजारणीने दाखवायचं?” तेव्हापासून दादा या दारात आलेला नाही. सासऱ्यांच्या दुकानात बसतो, पडदे आणि फर्निशिंगचं दुकान.

तर केप लागणार, काळं कापड लागणार, म्हणून प्रज्ञा आणि मी काकूंना न सांगता तिथे गेलो. सासरेबुवा गल्ल्यावर. प्रज्ञा म्हणाली, “अंकल, एक केप चाहिए. व्हॅम्पायर का.”

अंकलनी वर पण बघितलं नाही. “सिंगल पीस या लॉट में?”

मी हसून हसून गाठोड्यावर पडले! मग ते विचारतात, “पॉकेट कितने?”

“अंकल, केप को पॉकेट नहीं होते.”

“बेटा, बिना पॉकेट का माल वापस आता है.”

आणि खरंच दोन खिसे लावले, त्यातल्या एकाला चेन! बंटी पहिल्या दिवसापासून त्यात चार्जर ठेवतो.

आता माप कोणाचं घेणार? बंटी सॅम्पल गोळा करत फिरतोय. अंकलनी दादाला उभं केलं. दादा हात पसरून उभा, खांद्यावर टेप, आणि तो प्रज्ञाला हळूच विचारतो, “आईने लोणचं घातलं?”

“घातलं.”

“माझी बरणी?”

“एक बरणी वेगळी भरते अजून. आम्हाला हात लावू देत नाही. कोणाची आहे, ते सांगत पण नाही.”

अंकल ओरडले, “जमाईराजा, साँस अंदर मत लो, माप बड़ा होता है!”

माप दादाचं आणि घालणार बंटी. बंटी म्हणजे काडी! केप जमिनीवर लोळायला लागली. आमचा व्हॅम्पायर प्रत्येक एन्ट्रीला पडतो.

*

सोनिवलीच्या टॉवरचा किस्सा तर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

माझ्या मावशीचा तिथे फ्लॅट आहे, नवीन कॉम्प्लेक्स, गेटला मोठ्ठं कारंजं, कारंज्यात पाणी नाही. लिफ्टचा सीन घ्यायचा होता. आम्ही आधीच वर गेलो. बंटी मागून आला, घरूनच मेकअप करून. पांढराफटक चेहरा, डोळ्यांखाली काळं, ओठाच्या कडेने रक्त ओघळलंय, तोंडात दात, अंगावर केप. आम्ही वरून गॅलरीतून बघतोय, आता वॉचमन पळतो की बेशुद्ध पडतो! प्रज्ञाने तर कॅमेरा सुरू केलेला, रिॲक्शन फुकट मिळेल म्हणून.

वॉचमनने बंटीला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाला, “कुठल्या फ्लॅटला?”

बंटीने फ्लॅट सांगितला. वॉचमनने मोबाईलवरून मावशीला विचारलं. मावशी बाथरूममध्ये, आम्ही सगळे गॅलरीत, आत फोन उचलायला कोणी नाही. तो म्हणाला, “ओके आल्याशिवाय सोडता येणार नाही.”

बंटी दात दाखवून म्हणाला, “काका, मी व्हॅम्पायर आहे.”

“असाल. वरून ओके आलं पाहिजे.”

बघ! व्हॅम्पायरला आमंत्रणाशिवाय आत येता येत नाही हा नियम पिक्चरमध्ये दाखवायला आम्ही एवढा जीव काढतोय, आणि सोसायटीने तो ऑलरेडी लागू केलाय!

शेवटी मावशीचं ओके आलं. बंटी ऐटीत केप झटकून लिफ्टकडे निघाला, तर मागून आवाज आला, “ओ व्हॅम्पायर! तुमच्यासाठी मागची सर्व्हिस लिफ्ट!”

*

आमचं शूटिंग भर दुपारी चालतं. व्हॅम्पायरचा पिक्चर, ज्याला उन्हाचा कवडसा लागला तर राख होते, तो अख्खा आम्ही बदलापूरच्या मे-जूनच्या उन्हात काढतोय! कारण रात्री मला घरून परवानगी नाही, आणि बंटीला पहाटे पाचला उठून लोकांची फास्टिंग शुगर काढायची असते. प्रज्ञा म्हणते, “रात्र मी लॅपटॉपवर करते.” सगळं निळं केलं की झाली रात्र. फक्त बंटीच्या कपाळावर घाम चमकतो, त्याला ती म्हणते “चांदणं”.

शवपेटी काकांनी दिली. कंपनीत मशीन येतं त्याचं लाकडी खोकं. पेटीवर बाण आहे आणि लिहिलंय, “ही बाजू वर.” ते काही खोडता आलं नाही, मग प्रज्ञाने डायलॉगच टाकला. व्हॅम्पायर म्हणतो, “नाहीतर चक्कर येते.”

तर ते खोकं घेऊन आम्ही बारवी धरणाच्या रस्त्याला गेलो, जंगलाचा सीन करायला. रक्तासाठी तिथूनच जांभळं घ्यायची होती. आधी आम्ही साखरेचा पाक आणि रंग वापरायचो, पण मुंग्या! बंटी मेल्याची ॲक्टिंग करत पडला होता आणि मुंग्यांनी त्याला खरोखर जिवंत केलं. म्हणून जांभूळ. रंग झक्कास. जात मात्र नाही. बंटीची जीभ सोमवारी पण जांभळी, पेशंट घाबरतात.

बंटी खोक्यात डोळे मिटून पडला. तेवढ्यात वरच्या वाडीवरची एक आजी आली, डोक्यावर जांभळांची पाटी. खोक्यापाशी थांबली. वाकून बघितलं. मी म्हटलं, गेली, आता किंचाळणार, मी माइक पुढे केला.

आजीने बंटीची खालची पापणी ओढून बघितली! बंटी हलायचं नाही म्हणून तसाच पडून. मग आमच्याकडे वळून म्हणाली, “ह्याच्या अंगात रगातच नाय. ह्याला काय उन्हात ठेवलाव? नाचणीची भाकर खाया द्या.”

आणि द्रोणभर जांभळं त्याच्या छातीवर ठेवली. पैसे द्यायला गेलो तर म्हणते, “आजारी मानसाचं नाय घेत.”

तिच्या मागे बंटी खोक्यात उठून बसला आणि हात जोडून म्हणाला, “थँक्यू आजी.”

आजी म्हणाली, “निज, निज.”

*

आता मेन गोष्टीकडे येते. काकू.

पिक्चरचा शेवट असा आहे. व्हॅम्पायर सगळी बिल्डिंग पिऊन झाल्यावर एका साध्या घराच्या दारात येतो. तिथली बाई त्याला ओळखते आणि ‘नाही’ म्हणते. एवढंच. ती नाही म्हणते आणि तो उंबऱ्यावरच संपतो.

आधी शेवट वेगळा होता. व्हॅम्पायर आत येतो, भिंतीवरचा बुद्धाचा फोटो बघतो आणि किंचाळत पळतो, असं प्रज्ञाने लिहिलं होतं. काकूंनी वाचलं आणि चष्मा काढला. “बुद्धाला बघून कोण कशाला किंचाळेल गं? उलट गप बसेल खाली मांडी घालून.”

“आई, तो भूत आहे!”

“आपण भूतबीत मानत नाही.”

“पिक्चरपुरतं मान ना!”

“पिक्चरपुरतं पण बुद्ध कोणाला हाकलणार नाही. हाकलायचं असेल तर मी हाकलते.”

झालं! प्रज्ञाला ते इतकं आवडलं की तिने शेवटच बदलला आणि रोल काकूंनाच दिला. घर पण हेच, दार पण हेच.

पण काकू म्हणजे कोण, माहितीये ना तुला? गॅसवाला आला की चहा. कुरिअरवाल्याला पाणी. वॉटर प्युरिफायर विकायला आलेल्या मुलाला त्यांनी एकदा जेवायला बसवलं आणि वर म्हणाल्या, “आमच्याकडे माठ आहे, पण तू बोलत छान होतास.” दारात माणूस उभा ठेवणं हे काकूंच्या शरीरालाच जमत नाही.

पहिला टेक. बंटी दारात. “आत येऊ का, काकू?”

काकू म्हणाल्या, “ये ना बाळा, विचारतोस काय!”

कट.

दुसरा टेक. “आत येऊ का, काकू?”

“नाही!” आम्ही सगळे खूश. मग काकू थांबल्या. “नाही म्हणजे, ऊन केवढं आहे, दोन मिनिटं बस पंख्याखाली.”

कट!

तिसऱ्या टेकला त्यांनी पूर्ण डायलॉग म्हटला, “नाही. या घरात तुला जागा नाही.” आणि म्हणताना स्वतः बाजूला सरकल्या, त्याला आत यायला वाट द्यायला!

चौथा टेक. डायलॉग परफेक्ट. नजर परफेक्ट. दार धाडकन बंद. प्रज्ञा नाचायचीच बाकी! आणि तेवढ्यात दार बोटभर उघडलं, फटीतून काकूंचा हात बाहेर आला, हातात पाण्याचा ग्लास.

प्रज्ञाचा पेशन्स संपला. “आई! तुला कोणाला नाही म्हणताच येत नाही का गं?”

काकू स्वयंपाकघरात वळल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “येतं की.”

अगं, काकांनी थर्माकोल खाली घेतला. मी उगाच हेडफोनची वायर गुंडाळत बसले. कारण तो डायलॉग कुठून आलाय हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. प्रज्ञाने लिहिताना जुनं वाक्य जसंच्या तसं उचललं होतं, आणि काकूंनी एकदाही विचारलं नाही, की हे वाक्य कोणाचं.

*

या आठवड्यात बंटीचे डोळे आले.

लालभडक! रात्री झोपला चांगला, सकाळी उठला तर अख्खा व्हॅम्पायर. आम्ही इतके रविवार त्याच्या डोळ्यांत लाल काय टाकता येईल ते शोधत होतो, आणि आता फुकटात मिळाले तर त्याच्याजवळ जायची सोय नाही. लॅबने घरी पाठवलं. बिचारा काळा चष्मा लावून व्हिडिओ कॉलवर रडतोय, “माझा क्लोजअप घ्या रे, आयुष्यात परत असे डोळे होणार नाहीत!”

आणि कॅमेरा ज्या फोटोग्राफरचा आहे त्याने तो विकायला काढलाय. आज संध्याकाळी गिऱ्हाईक येणार. म्हणजे आज शेवट नाही झाला तर पिक्चरला शेवट नाही.

काल मी आणि प्रज्ञा जिन्यात बसलो होतो. मी म्हटलं, “दुसरा कोणीतरी शोधू. तोंडभर मेकअप आहे, कोणाला कळतंय?”

प्रज्ञा म्हणाली, “कोणीही आणला तरी आई त्याला पाणी देणार.”

मग म्हणते, “शिल्पे, आईला ज्याला ‘नाही’ म्हणता येतं असा जगात एकच माणूस आहे. आणि केप पण त्याच्याच मापाची आहे.”

मी उडालेच! “वेडी आहेस का? सख्ख्या भावाला दारात उभं करून परत तेच ‘नाही’ ऐकवणार? पिक्चरसाठी?”

“मग तू सांग दुसरं!”

तिने दादाला फोन लावला, स्पीकरवर. सगळं खरंखरं सांगितलं. आई नाही म्हणणार, तेच वाक्य म्हणणार, आणि दार लावणार. आणि आईला आधी सांगणार नाही की तू आहेस, नाहीतर ती करणारच नाही.

पलीकडे मागून अंकलचा आवाज येत होता, कोणाला तरी पडद्याचा भाव सांगत होते.

मग दादा म्हणाला, “म्हणजे दारापर्यंत यायचं ना?”

“हो.”

“येतो. डायलॉग काय आहे माझा?”

*

तर आज.

कशिशने त्याचा मेकअप केला, कोपऱ्यावर, रिक्षातच. स्वतः काही उतरली नाही. मी केप द्यायला गेले तेव्हा ती त्याच्या गालावर पावडर थापत होती आणि तो दात लावून डायलॉग पाठ करत होता. ती म्हणाली, “हिलो मत, यार.” तो म्हणाला, “मी हलत नाहीये, रिक्षा चालू आहे.” रिक्षा बंद होती गं.

केप अशी बसली त्याला! एक सुरकुती नाही. पहिल्यांदा आमचा व्हॅम्पायर न पडता चालला.

काकूंना प्रज्ञाने सांगितलं, “बंटीचे डोळे आलेत, दुसरा मुलगा आहे.” काकू म्हणाल्या, “जेवलाय का तो?” प्रज्ञा म्हणाली, “आई, प्लीज. आज फक्त नाही म्हण.” काकू पदर खोचून म्हणाल्या, “आज बघच तू.”

आम्ही पोझिशन घेतली. प्रज्ञा घरात, कॅमेरा काकूंच्या खांद्यावरून दाराकडे. काका थर्माकोल घेऊन कोपऱ्यात. त्यांना पण सांगितलं नव्हतं. माझा माइक दाराच्या वर.

ॲक्शन. बेल वाजली. काकूंनी दार उघडलं.

दारात तो. पांढरा चेहरा, काळे ओठ, जांभळं रक्त, ओठांबाहेर आलेले दात. उंबऱ्याच्या बरोब्बर बाहेर उभा. आणि एक खांदा किंचित खाली. दादा लहानपणापासून तसा उभा राहतो, दप्तराच्या बाजूला झुकून.

काकांच्या हातातली शीट वाकडी व्हायला लागली. त्याच्या तोंडावरचा उजेड हलतोय, प्रज्ञाला फ्रेममध्ये दिसतंय, पण ती कॅमेरा सोडेना.

दादाला डायलॉग आठवेना. घसा खाकरला. मला हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता, काकूंच्या बांगड्या ऐकू येत होत्या. एका माणसाला एवढं ऐकू येऊ नये गं.

मग तो म्हणाला, “आत येऊ का, काकू?”

काकू बघत होत्या. नुसत्या बघत होत्या. कपाळ, दात, केप, केपचे खिसे. मी मनात म्हणतेय, नाही म्हणा. मग लगेच म्हणतेय, नका म्हणू. मला कुठलं हवंय तेच कळेना!

काकूंनी तोंड उघडलं.

“काकू कोणाला म्हणतो रे?”

दादाचा हात दातांकडे गेला.

“चपला बाहेर काढ,” काकू म्हणाल्या, आणि वळून आत गेल्या.

दार उघडंच. दादा उंबऱ्याच्या बाहेरच, एक पाय चपलेतून अर्धा काढलेला, तसाच थांबलेला. ओठ न हलवता तो प्रज्ञाला विचारतोय, “हे स्क्रिप्टमध्ये आहे का?” कॅमेरा चालू. बॅटरीचा लाल दिवा ब्लिंक करतोय. फोटोग्राफरचे मिस्ड कॉल येतायत. पिक्चरला अजून ‘नाही’ मिळालेलं नाही, आणि परत टेक घेतला तर काकू या वेळेला ते म्हणतील पण, अगदी परफेक्ट म्हणतील, त्यांनी आधीच सांगितलं होतं, बघच तू!

आणि तेवढ्यात माझ्या हेडफोनमध्ये आतून आवाज आला. बरणीचं झाकण. काचेच्या बरणीचं, घट्ट बसलेलं, त्याच बरणीचं, जिला काकू कोणाला हात लावू देत नाहीत.

आणि मग स्वयंपाकघरातून काकूंची हाक, “प्रज्ञा, बरोबर झालं का गं? का परत घ्यायचं?”

प्रज्ञाने कॅमेऱ्यावरून डोळा काढला. दादाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

नाही, पुढचं मी नाही सांगत. आधी तू सांग, तेजू. प्रज्ञाच्या जागी तू असतीस तर काय म्हणाली असतीस?